लिनक्सवरच्या भाताला करपा

वालाच्या शेंगा सोलायला बसलं की दाण्यांआधी सालांचाच ढीग होतो. आमच्या घरात किश्शांचं तसंच आहे. मी नवी सून, त्यात बोलायची कमी, म्हणून तो ढीग बहुतेक माझ्याच पुढ्यात जमतो.

घर सापगावात, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत प्रशांत, म्हणजे माझा नवरा, कम्प्युटर रिपेअर करतो. लग्नाआधी त्याने एका बंद पडलेल्या ऑफिसातून दोन जुनी मशीन आणली. नव्या विंडोजने ती वयावरून नाकारली, स्थळ नाकारतात तशी. मग त्याने त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं आणि गावातल्या मुलामुलींसाठी क्लाउड गेमिंग सुरू केलं.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ती खोली भातासाठी हवी होती. "झोडणी झाली का गोणी हितंच लागतील," ते म्हणाले. "तवर काय खेळायचं ते खेळून घ्या."

रिपेअरिंग ओटीवरही जमलं असतं. खेळाच्या मशीनला मात्र दुसरी जागा नव्हती. त्या दिवसापासून जेवताना प्रशांतचं लक्ष ताटात नसायचं.

* * *

सासूबाईंना क्लाउड गेमिंग मी समजावून सांगितलं. गेम आपल्या मशीनवर चालत नाही, लांब कुठंतरी मोठ्या मशीनवर चालतो. आपल्याकडे इंटरनेटवरून नुसतं चित्र येतं.

"म्हणजे सैपाक दुसरीकडं, आपल्याला डबा," त्या म्हणाल्या.

"हो आई."

"मग थंडच येनार गो."

प्रशांतचा चेहरा पडला, कारण गिऱ्हाइकांची तक्रार तीच होती. गेम एकच, इंटरनेट एकच. पण त्याच्या विंडोज लॅपटॉपवर चित्र लख्ख आणि लिनक्सवर धुरकट. गेमवाल्यांचं विंडोजसाठी वेगळं ॲप आहे. लिनक्सवाल्यांनी ब्राउझरमधून यायचं, आणि मिळेल त्या चित्रावर भागवायचं.

"पंगत तीच आहे," प्रशांत मला म्हणाला. "आपल्याला शेवटी वाढतात."

* * *

एकदा बाबा चहाचा कप घेऊन त्या खोलीत उभे राहिले. लिनक्सच्या मशीनवर शेतीचा गेम चालू होता. ट्रॅक्टर वळला की हिरव्या शेताचे चौकोन चौकोन व्हायचे आणि मधे तपकिरी डाग पडायचे.

बाबा स्क्रीनजवळ वाकले. "करपा पडलाय."

"रोग नाय तो बाबा, चित्र फाटतंय," प्रशांत म्हणाला. त्याने तोच गेम, तेच शेत लॅपटॉपवर उघडून दाखवलं. एक डाग नाही.

बाबांनी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. "बियाणं एक, पाणी एक, आणि रोग एकाच बांधाला? फवार लवकर. पसरंल तिकडं."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. कुणाच्याही शेतावर रोग दिसला की बाबांना घरी बसवत नाही.

* * *

मग प्रशांतला एक युक्ती सापडली. वेबसाइट ब्राउझरला विचारते, तू कुठल्या सिस्टिमवर आहेस? प्रशांतने ब्राउझरला सांगून ठेवलं की विचारलं तर म्हण, विंडोज. मशीन तेच, लिनक्सही तेच, नुसतं नाव वेगळं. चित्र एकदम स्वच्छ झालं!

"एवढ्यानं कसं काय?" तो स्वतःच चकित.

मला काही नवल वाटलं नाही. माझंही नाव नुकतंच बदललं होतं, आणि मुरबाडला माहेरी गेल्यावर मला पाटावर बसवून पहिलं ताट वाढायला लागले होते.

बाबांनी पीक तपासलं. "काय फवारलंस?"

"नाव बदललं, बाबा."

"हां," बाबा म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी ट्रॅक्टर त्यांनी चालवला.

* * *

किन्हवलीचा भूषण प्रशांतचा वर्गमित्र. लिनक्सला तो 'तुझा बैल' म्हणतो. चित्र सुधारलंय यावर त्याचा विश्वास बसेना. मग प्रशांतने दोन सारखे स्क्रीन लावले, एकाला लिनक्सचं मशीन जोडलं, दुसऱ्याला विंडोज लॅपटॉप, आणि खालचं मशीन अन् लॅपटॉप चादरीने झाकले. "ओळख."

भूषणने डोळे बारीक करून पाहिलं. "डावीकडचा विंडोज. क्लिअर दिसतंय ना. उजवीकडं तुझा बैल."

मी चादर उचलली. डावीकडे लिनक्स होतं.

भूषणने वाकून दोन्ही वायरी तपासल्या. मग म्हणाला, "आज विंडोजला बरं नसंल."

* * *

एक खोड मात्र उरली होती. चित्र उलगडायचं काम लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड करतं. या लिनक्सच्या मशीनवर ब्राउझर ते सगळं प्रोसेसरवर टाकायचा. मशीन तापायचं आणि पंखा गिरणीसारखा घरघरायचा. प्रशांत बरेच दिवस सेटिंगशी झटला, आणि एका दुपारी पंखा शांत झाला. त्याला आनंदाने काय करावं कळेना, त्याने मला हात धरून नेलं आणि गार मशीनवर माझा तळवा ठेवला.

दोन दिवसांनी सासूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या. "काय बिघडवलंस रे त्याचं?"

"आई, दुरुस्त केलं."

"मग माझ्या वालांना मोड का नाय?"

अख्खा पावसाळा त्या भिजवलेल्या वालांचं गाठोडं त्या मशीनच्या मागे ठेवत होत्या. आम्हाला पत्ता नव्हता.

"त्या विंडोजच्या मागं ठेवून बघ," बाबा म्हणाले.

"ठेवलं व्हतं आधीच. तो पयल्यापासून थंड."

* * *

झोडणी झाली. भाताच्या गोणी घेऊन टेम्पो दारात लागला. प्रशांतने सकाळीच, कुणी न सांगता, वायरी काढायला घेतल्या होत्या. मी कीबोर्ड हातात धरून उभी होते. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

टेम्पोवाला पहिली गोणी डोक्यावर घेऊन खोलीत शिरला. मागून बाबा.

"वायरी कोनी काढायला सांगितल्या?"

"भात आलंय ना बाबा," प्रशांत म्हणाला.

"मंग? हितं माजं पीक उभंय. उभ्या पिकात गोणी टाकतो का कोन?"

प्रशांतच्या हातातली वायर हातातच राहिली. टेम्पोवाल्याने खोलीभर नजर फिरवली. एक टेबल, दोन मशीन.

"काका, टाकू कुठं मग?"

बाबांनी आतल्या दाराकडे बोट केलं. ती आमची, नवरा-बायकोची खोली. "पलंग सरकवा. लागतील सगळ्या."

टेम्पोवाला गोणी घेऊन तिकडे निघाला. जाता जाता त्याने मशीनकडे मान वळवून विचारलं, "कापणी कधी याची?"

"आताशी फुलोऱ्यावर आलंय," बाबा म्हणाले. "जपून जा, वायरीला पाय लागंल."