महिपतीच्या पोराचा गुडघा

शेळगावच्या सारजेनं बारा वर्षं एकाच माणसाचं वाईट चिंतलं, पण ते मन लावून चिंतलं. तो माणूस म्हणजे बारामतीच्या एका तालमीचा वस्ताद हिंदुराव. सकाळी मेंढरं बाहेर काढताना ती त्याचं नाव घेऊन थुंकायची आणि मगच कामाला लागायची. बायका म्हणत, "अगं, सोड आता." सारजा म्हणायची, "तुमचं काय गेलंय, सोड म्हणायला?"

तिचं काय गेलं होतं ते सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. तिचा नवरा महिपती नामी पैलवान. कळंबच्या जत्रेत त्यानं हिंदुरावाला चितपट केलं, पंचानं त्याचा हात वर केला, हलगी कडाडली. महिपती वळून चालायला लागला तोच खाली पडलेल्या हिंदुरावानं त्याचा पाय धरला आणि गुडघ्यात पिळला. कुस्ती सुटल्यावर! पंचांनी "चुकून झालं" म्हणत मिटवून टाकलं. महिपती पुन्हा मेंढरांमागं गेला नाही. झुरत पडला आणि तीन वर्षांनी गेला. हिंदुराव मात्र वस्ताद झाला, मिशीला पीळ भरून जत्रेत पहिल्या रांगेत बसू लागला. अशा माणसाला माफ करणं देवालाच जमावं, आणि सारजा काही देव नव्हती.

तिच्याजवळ बिरू होता. बाप मोडला तेव्हा तीन वर्षांचा, आता पंधरा. एकोणीसशे छत्तीस साली पोरगं असं वाढलं की दिवाळीला शिवलेली बंडी संक्रांतीला बेंबीवर आली. सारजेला वाढत्या पोराचं कौतुक होतं, पण ते साधं आईचं कौतुक नव्हतं. स्वतः कोरड्या भाकरीवर राहून ती दूध, अंडी त्याच्या पोटात घालायची, गावच्या तालमीत धाडायची आणि त्याच्या खांद्यांकडे बघत मनात म्हणायची, आलं, आलं, आता थोडंच राहिलं.

मग बिरू कण्हायला लागला. "आये, गुडघ्याखाली लई ठणकतंय." वाटीखाली सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. गुडघाच का, म्हणून सारजेनं खंडोबालाही दोन शब्द सुनावले आणि पोराला गेणूतात्याकडं नेलं.

गेणूतात्या हाडं बसवायचा, आणि चाळीस वर्षं टकरीचे मेंढे पाळलेले. त्यानं बिरूला दगडावर बसवलं. टेंगूळ दाबलं. पाऊल वितीनं मोजलं, मनगटाची हाडं चाचपली, मांडी दोन्ही हातांत धरून बघितली. दहा बैठका मारायला लावल्या आणि कान देऊन गुडघ्याचा आवाज ऐकला. बाभळीपर्यंत पळवत नेऊन परत आणला. मग पोराला आडावर पाण्याला धाडलं आणि बोलला.

"भिऊ नगंस. हाडं पळत्यात, शिरा मागं ऱ्हात्यात, म्हणून ताण बसतोय. वाढीच्या कळा हायत ह्या. पाऊल बघ केवढं हाय. अजून वीतभर वाढंल त्यो. मनगट बापापरास रुंद. असलं पोरगं मी पंचवीस वर्षांत बघितलं न्हाय."

सारजेचे डोळे लकाकले. "मग चैत्रात कळंबला उतरवू?"

"न्हाय."

"का न्हाय?"

"सांध्यात अजून कुरकुरीत कवळं हाड हाय, पक्कं न्हाय. कवळ्या मेंढ्याला टकरीला घातला का त्यो मेंढा जन्माचा वाया जातो. दोन वर्षं मातीत नुसता लोळव. मग हिंदुरावाचा सोपान ह्याच्या काखंत मावंल."

सोपान हिंदुरावाचा मुलगा. बावीस वर्षांचा, कसलेला. आणि चैत्राची जत्रा झाली की तो कोल्हापूरच्या तालमीत जायचा होता. एकदा तिकडं गेला की शेळगावच्या धनगरणीच्या हाताला तो कसला लागतोय! सारजा घरी आली ती धुमसतच. बारा वर्षं थांबले, आणि हा म्हातारा आणखी दोन म्हणतोय. तिनं बिरूला एवढंच सांगितलं, "तात्या म्हणला, वाढीचं दुखणं हाय." बाकीचं गिळलं. खोटं बोलली नाही, एवढीच काय ती मनाची समजूत.

चैत्रात सारजा पोराला घेऊन कळंबला आली. तिथं कुस्तीच्या फडात जोड लावायची रीत सोपी होती. दोघांना शेजारी उभं करायचं, खांद्याला खांदा लागला की जोड पक्की. वय कोणी विचारत नसे. पैलवानाला वय विचारणं म्हणजे त्याला घाबरट म्हणणं. पंचानं बिरूला सोपानजवळ उभं केलं. खांद्याला खांदा बरोबर लागला. हिंदुरावानं पोराचं तोंड निरखलं आणि हसला. "महिपतीचं काय रं तू? लाव जोड. उंचीला उंची हाय की!" त्याच्या नजरेला ओठांवरची लव दिसत होती, पण बोलतोय कोण.

बायका लांब, बाभळींखाली उभ्या. फडाची माती मारुतीची, बाईनं तिच्यात पाय ठेवायचा नाही, हे पोरीबाळींनाही ठाऊक. सारजा सगळ्यांत पुढं होती. बिरूनं सुरुवातीलाच सोपानला दोनदा ढुंगणावर बसवलं तेव्हा लोक उठून ओरडले, आणि सारजेला वाटलं, आता मेले तरी चालेल. बारा वर्षांत ती अशी हसली नव्हती.

मग सोपान सावध झाला. त्यानं पोराचा डावा पाय धरला. कडेवरून हिंदुराव ओरडला, "गुडघा! गुडघा पीळ त्याचा!"

बिरू तोंडातून आवाज काढत नव्हता. त्यानं फक्त मान वळवून आईकडं पाहिलं. "दम धर, सोडू नगंस," असं तिनंच पढवलं होतं, आणि पोरगं सोडत नव्हतं. हिंदुरावानं एकाचा गुडघा घेतला, आणि दुसऱ्याचा आपणच त्याच्या हाती आणून दिला, हे सारजेला तेव्हा लख्ख कळलं. तिला स्वतःची शिसारी आली.

ती चालत सुटली. माणसं बाजूला सारत थेट फडात शिरली, तांबड्या मातीत पायतणासकट, आणि सोपानच्या मनगटाला तिनं कडकडून चावा घेतला. हलगी थांबली. सोपानच्या हातून पाय सुटला.

"बाटवला! बाईनं फड बाटवला!" हिंदुराव किंचाळला.

"माझ्या नवऱ्याचा पाय मोडला तवा न्हाय बाटला?" सारजा म्हणाली. "तवा ही माती लई सोवळी हुती व्हय?"

फड मोडला. बाटलेल्या मातीत निकाल नाही, की मानाचा फेटा नाही. सोपानसाठी आणलेला फेटा हिंदुरावाच्या हातात तसाच राहिला. ते बघून सारजेला गार वाटलं, पण पोट भरलं नाही. पंचांनी बजावलं, "ह्या पोराला ह्या मुलखात पुन्हा कुस्ती न्हाय."

"नगं ह्या मुलखात," सारजा म्हणाली. "हिंदुराव, दोन वर्षांत ह्याचं हाड भरंल. मग कोल्हापुरात यू आमी. तुमी तवर जगा म्हंजी झालं."

फडाबाहेर बिरू रडकुंडीला आला होता. "आये, चार गावांत तोंड काळं केलंस माझं."

"तात्या नगं म्हणला हुता," ती म्हणाली. "मला ठावं हुतं. तरी धाडला तुला."

बिरू तिच्याकडं बघत राहिला. मग रस्त्याला लागला. शेळगाव येईपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही, आणि सारजेनं हाक मारली नाही. डावा पाय जरा जपून टाकत होता, पण दोन्ही पायांवर चालत होता.