कडू पाण्याच्या दोन बाटल्या

मिठागराजवळच्या गावात, औषधाच्या दुकानात साठीतली एक बाई दोन बाटल्या न्याहाळत उभी होती. ती आणि नवरा दोघे मिठागरात राबत; नवऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मॅग्नेशियम लिहिले होते. दोन्ही बाटल्यांतला अर्क समुद्राच्या पाण्याचा होता.

"मावशी, या एकीत मॅग्नेशियम जास्त. दुसरीत ते कमी, पण बाकीचे क्षार पुष्कळ प्रकारचे, प्रत्येक कणभर," दुकानदार म्हणाला.

"पहिलीतला थेंब दे, चाखते."

"औषध काय आमटी आहे?" तो हसला, पण नमुन्याच्या उघड्या बाटलीतला एक थेंब त्याने तिच्या तळहातावर टाकला.

मिठागरात मीठ जमल्यावर उरलेले पाणी जिभेवर कडू लागले की ते खाडीत सोडतात. तो कडूपणा मुख्यतः मॅग्नेशियमचा. मीठ चांगले व्हावे म्हणून जे पिढ्यानपिढ्या सोडून दिले, तेच आता शरीर मागत होते.

"हेच ते आमचं पाणी," ती म्हणाली आणि तिने पहिली बाटली घेतली. "सोमवारी वाफ्यातलं मीठ ओढायचंय. तोवर हे उभे राहतील ना?"

दुकानदाराने लेबल पुढून वाचले, मागून वाचले.

"ते यावर लिहिलेलं नाही, मावशी," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.