शियांग यू, ल्यू बू आणि उत्तनचे खडक

उत्तनला जायचं ठरलं ते एका भांडणामुळे. २००७ साली दादाच्या मीरा रोडच्या घरी इंटरनेट आलं आणि प्राचीन चीनमधल्या योद्ध्यांनी तिथे ठाण मांडलं. सगळ्यांत पराक्रमी कोण, यावर आम्ही दोघे भाऊ महिनाभर फोनवर वाद घालत होतो. एकदा आवाज इतके चढले की वहिनीनेच फर्मान काढलं, रविवारी दोघं कुठेतरी बाहेर जा आणि हे संपवूनच या.

उत्तन हे समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते, तिकीट किरकोळ. मुर्धा, राई, मोरवा ही गावं मागे पडली की वारा खारट होतो आणि पुढे सुकत घातलेल्या बोंबलांचा वास सुरू होतो. मला आवडतो. दादाने नाकाला रुमाल लावला, पण बोलणं थांबवलं नाही.

दादाचा माणूस शियांग यू. शेवटच्या लढाईत हजारोंच्या वेढ्यात अठ्ठावीस घोडेस्वार घेऊन तो शत्रूवर तुटून पडला आणि त्यातले फक्त दोन गमावले. माझा ल्यू बू, चारशे वर्षांनंतरचा. पैज लावून, दूर रोवलेल्या भाल्याचं छोटंसं पातं एका बाणात टिपून त्याने दोन सैन्यांची लढाई थांबवली होती. दादाचं म्हणणं, पकडल्यावर तुझ्या ल्यू बूने जिवासाठी विनवण्या केल्या. शियांग यूसाठी नदीकाठी नाव तयार होती, पण हरून कुठल्या तोंडाने घरी जाऊ म्हणून तो चढलाच नाही. मी म्हटलं, याचा लढण्याशी काय संबंध? मग तो चिडला, मीही चिडलो.

त्या तिरीमिरीत आम्ही ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवरून पार टोकाला गेलो. तुम्ही जाणार असाल तर भरतीची वेळ गावात कुणालाही विचारून घ्या. आम्ही विचारली नव्हती. मागे वळलो तेव्हा येताना कोरडी ओलांडलेली घळ पाण्याने भरली होती आणि पाणी वेगात आत शिरत होतं. मी उतरून पाहिलं, तर दोन पावलांत छातीपर्यंत बुडालो. पाय टिकेना. कसाबसा परत वर आलो.

अर्ध्या तासात उभं राहायला जेमतेम खोलीएवढी जागा उरली. दोघांनी शर्ट काढून हलवले. बंदराकडे परतणारी एक होडी वळली, पण खडकावर आपटायच्या भीतीने वीस फुटांवर थांबली. नाखव्याने दोर फेकला. मी तो पकडला आणि दादाला म्हटलं, चल.

दादा खाली बसला. म्हणाला, तू जा, मी ओहोटी लागली की येतो.

माझं डोकं फिरलं. "दादा, इथे शियांग यू बनू नकोस."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "मला पोहता येत नाही रे."

तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्याला एखादी गोष्ट येत नाही, हे मी त्याच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मी होडीकडे वळून ओरडलो, याला पोहता येत नाही.

नाखवा ओरडला, "पोवाला कोन सांगतंय? दोर कमरेला बांद. पानी चडतंय, टाइम न्हाय."

मी दादाच्या कमरेला दोर बांधला, दोन गाठी मारल्या. त्याने माझं मनगट पकडलं आणि आम्ही एकदमच उडी मारली. एक लाट डोक्यावरून गेली. काही क्षण मला तो दिसेना, नुसती मनगटावरची पकड जाणवत होती. मग आम्हाला वर ओढलं.

नाखव्याने पैसे घेतले नाहीत. उलट घरी नेलं. त्याच्या बायकोने टॉवेल आणि कोरा चहा दिला. इतका वेळ तिथे करत काय होतात, असं तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पन ते दोगं बी मेले हायत ना?" दादा हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

परतीच्या बसमध्ये मी वहिनीला सांगायला एक थाप तयार केली: पाय घसरला, थोडे भिजलो. दार तिनेच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "आज मी फार घाबरलो होतो. याच्यामुळे परत आलो." वहिनीने त्याच्या खरचटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळद आणायला आत गेली. दादा तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ तिला सगळं सांगत राहिला.