पांढरा प्राणी

चूक बाबांची. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे शेवटी तुम्ही माझ्याकडे बघायला नको.

मी रियाधमध्ये जन्मलो, वाढलो. चौथीच्या वर्गात भिंतीवर एक चित्र होतं. वाळूत उभा पांढराशुभ्र ऑरिक्स, हरणासारखा, पण शिंगं दोन सरळ भाल्यांसारखी. तास संपेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत बसायचो. तो खरा बघायचा म्हणून दरवर्षी हट्ट. बाबांचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या सुट्टीत नक्की." बाबा बँकेत. पुढची सुट्टी त्यांच्याकडे कायम शिल्लक!

मग मी पुण्यात इंजिनिअरिंग सोडलं आणि घरी परतलो. तेव्हा कळलं, शिक्षण सोडलेला सज्ञान मुलगा बापाच्या इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर, राहू शकत नाही. शनिवारी माझं विमान. पासपोर्टवर कायमचं जाण्याचा शिक्का. आणि नेमकं त्याआधीच्या गुरुवारी आमच्या पिताश्रींना सुट्टी सापडली! ऑरिक्सच्या अभयारण्याचं परमिट एका दिवसाचं, गेट चारला बंद.

बाबा, आई आणि मी निघालो, आणि वाट चुकलो. गाडी कोण चालवत होतं? बाबा. नकाशा माझ्या हातात होता, पण तो मुद्दा वेगळा.

दुपारी एकच्या सुमारास एक भलामोठा तंबू दिसला. आत गालिचे, बाहेर जीप, आणि पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा हात हलवून बोलावतोय.

"हेच ऑफिस," मी म्हणालो.

"नक्की?"

"बाबा, मी इथं जन्मलोय!"

बाबांनी परमिट पुढे केलं. म्हाताऱ्यानं ते न वाचताच बाजूला ठेवलं, आईला पडद्यामागे बायकांत पाठवलं आणि आमच्यासमोर कहवा ओतला.

"अधिकारी दिसतोय," बाबा कुजबुजले. "कशालाही नाही म्हणू नकोस. अडवेल."

वीस वर्षं पांढरा झगा दिसला की मान डोलवायची, हेच या माणसाचं करिअर! कप रिकामा झाला की म्हातारा भरायचा. भरला की आम्ही प्यायचो. सात कप झाले.

"अरे, विचार ना, प्राणी कधी दाखवणार?"

"तुम्हीच विचारा की."

"मी कसा? इथं तू जन्मलायस ना?"

आता माझं अरबी म्हणजे बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, खुबूस रोटी आणण्यापुरतं. तरी शब्दाला शब्द जोडून सांगितलं: आम्हाला प्राणी हवाय. पांढरा.

म्हातारा इतका खूश झाला म्हणता! माझा हात धरून मागे घेऊन गेला. कुंपणात शेळ्या. मला वाटलं, गंमत म्हणून आधी घरचा माल दाखवतोय. त्यानं एका पांढऱ्या करडाकडे मान वळवून भुवया उंचावल्या.

"हो म्हण, हो म्हण!" मागून बाबा.

मी बोट दाखवलं आणि हसून म्हणालो, हो, हेच.

दोन-अडीच तासांनी ही एवढी परात आली. भात, आणि भातावर काय ते तुम्ही ओळखलंत. पडद्यामागून आईचा आवाज आला, "अरे, ते पांढरं करडू कुठं गेलं रे? माझ्या हातातून खजूर खात होतं मघाशी!"

बाबा भाताकडे बघत राहिले. मी बाबांकडे.

जेवण झाल्यावर म्हाताऱ्यानं चष्मा लावून परमिट वाचलं आणि तो पोट धरून हसला. ऑफिस कसलं, ते त्याचं घर होतं! दारी आलेल्याला 'का आलास' विचारायचं नाही, ही त्यांची रीत. गेट चाळीस किलोमीटर मागे, आणि एव्हाना बंद. मग तो गंभीर होऊन म्हणाला, तीन दिवस राहा. पाहुणे आहात.

मला राहायचं होतं हो! जन्मल्यापासून त्या देशात मला कुणी 'राहा' म्हटलं नव्हतं.

"नको, नको," बाबा म्हणाले, "याची बॅग भरायचीय."

वीस वर्षांत पांढऱ्या झग्याला बाबांचं पहिलं 'नाही'. तेही तिथं!

चूक बाबांची म्हणालो खरं. पण नकाशा माझ्या हातात होता, अरबी माझं होतं, आणि करडाकडे गेलेलं बोटही माझंच. त्या देशात मी पांढरा प्राणी एकच बघितला आणि त्याला दोनदा वाढून घेतलं.

शनिवारी विमानात बसलो. ऑरिक्स बघायचा राहिला.