हौसाबाईंच्या गोठ्यातली सुईण

खर्डी स्टेशनवरून पायी निघालं की वालाच्या शेतांच्या कडेने जाताना हौसाबाईंचं घर लागतं. अठ्ठ्याण्णवच्या नाताळात मी तिथे पहिल्यांदा गेले. शहापूरच्या कॉलेजात त्यांची धाकटी मुलगी सुवार्ता माझ्या बाकावर बसायची. ती म्हणाली होती, "ये. पण पोट घेऊन ये आणि कान घरी ठेवून ये."

असं का म्हणाली, ते अंगणातच कळलं. सहा मुलं, सुना, जावई, नातवंडं. ओटीवर कामट्यांचा कागदी तारा टांगायचं चाललं होतं. तो सरळ आहे की वाकडा, यावर चौघं एकदम बोलत होते. वर चढलेला जावई कोणाचंच ऐकत नव्हता. पोरांनी करंज्यांचा डबा पळवला होता आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगत होता.

हौसाबाई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, कोपरापर्यंत पीठ. माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"ही कोन नवी? बारीक हाय."

"माझी मैत्रीण, आई. शहापूरची."

"मंग? शहापूरला जेवत नाय काय?"

मी जेवले. तिसरी भाकरी नको म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "नको म्हनायला आमच्याकडं बंदी हाय."

हौसाबाईंचं माहेर मुरबाडकडचं. सासरे नगरहून आलेले, मिशनच्या शाळेत मास्तर. नवरा दवाखान्यात कंपाउंडर. तो लवकर गेला. सासू सुईण होती, तिच्या मागे कंदील धरून चालता चालता हौसाबाई शिकल्या. पुढे सरकारने दाईंना शिकवलं तेव्हा तेही शिकल्या. खर्डीच्या आसपासच्या पाड्यांवर त्यांच्या हातावर जन्मलेली माणसं आता स्वतः लेकुरवाळी आहेत. हिंदूंच्या घरी, बौद्धांच्या घरी, ठाकरांच्या झोपडीत, त्या बोलावलं तिथे गेल्या. ओटीत काय पडलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांना वाचता येत नव्हतं. बायबलचं शास्त्र त्यांनी कानांनी घेतलं होतं. जे ऐकलं ते जात्यावर बसून ओवीत घातलं. नाताळच्या संध्याकाळी अंगणात शेजारपाजार जमायचा, त्या गायच्या आणि सगळे ओवी झेलायचे, म्हणजे त्यांची ओळ पुन्हा गायचे. मी त्या वर्षी परीक्षेसाठी ओवी पाठ करत होते. इथे ती चुलीच्या धुरातून येत होती.

*पयली माझी ओवी, बेथलेम गावाला*
*जागा नाय दिली कुनी, माझ्या मरीयेच्या जीवाला*

*दुसरी माझी ओवी, गायीच्या गं गोठ्याला*
*कळा आल्या मरीयेला, योसेफ धावे वाटेला*

*तिसरी माझी ओवी, सुईन आली घाईघाई*
*म्हने भिऊ नको पोरी, मी बी कुनाची गं आई*

मी सुवार्ताला हळूच विचारलं, "बायबलमध्ये सुईण आहे?"

"नाही. पण आईला सांगायचं कोणी? तिला वाटतं बाळंतपण आहे म्हणजे सुईण असणारच."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्या अंगणातल्या गोठ्यात सुईण येत राहिली.

दोन हजार सहा साली मात्र प्रश्न आला. दाविद हा थोरला मुलगा. कल्याणला नोकरी, तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत मानाची जागा. त्या नाताळात त्याने नव्या पाळकांना घरी बोलावलं होतं. आजवर पाळक म्हणून कोणी त्या घरी जेवायला आलं नव्हतं. दाविद सकाळपासून खुर्च्या पुसत होता. दुपारी तो चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. मी आणि सुवार्ता तिथेच कांदा चिरत होतो.

"आई, आज सुईणीची ओवी गाळ."

"का रे?"

"शास्त्रात सुईण नाही."

"नाय? मंग नाळ कोनी कापली?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिवनारे बापये असतील."

सुवार्ता फिस्सकन हसली. दाविद हसला नाही. "पाळकसाहेब नवे आहेत, आई. उद्या मंडळीत बोलतील की दाविदच्या घरी भलतंच गातात. माझ्यासाठी गाळ."

हौसाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. त्याच वर्षी उपकेंद्राच्या नर्सने पाड्यांवर सांगितलं होतं, बाळंतपण आता दवाखान्यातच. हौसाबाईंना ते पटलं होतं. अडलेली पोर डोलीतून नेताना वाटेत गेलेली त्यांनी पाहिली होती. स्वतः घरोघर जाऊन त्यांनीही तेच सांगितलं. त्यानंतर त्यांच्या दारात हाक आली नव्हती.

"दाविद," त्या म्हणाल्या, "आता मला बोलवनारी येकच राह्यली. ती मरीया."

दाविद उठला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाय गात. जा, खुर्च्या पूस."

सुवार्ताने विळी आपटली. "दादा, तू कमिटीतच जेव आज."

"तू गप गो," हौसाबाई म्हणाल्या. "कांदा चीर."

संध्याकाळी अंगण भरलं. पाळक तरुण होते, नाशिककडचे. खुर्चीत अवघडून बसले होते, कारण बाकी सगळे जमिनीवर होते. पेंढ्याच्या गव्हाणीत नातवंडांनी बाहुली ठेवली होती. बारकी नावाची शेजारीण पुढेच मांडी घालून बसली. हौसाबाईंच्याच वयाची, भातशेती करणारी, देवघरात खंडोबा असलेली. तिच्या सगळ्या सुना हौसाबाईंच्या हाताखाली बाळंत झालेल्या. नाताळची संध्याकाळ तिने कधी चुकवली नव्हती.

प्रार्थना झाली. हौसाबाईंनी पहिली ओवी धरली. अंगणाने झेलली. दुसरी धरली. कळा आल्या, योसेफ धावला. मग त्या थांबल्या, घसा खाकरला आणि मेंढपाळांची ओवी सुरू केली.

झेलायला कोणी तोंडच उघडलं नाही.

"अगो हौसे," बारकी म्हणाली, "पोर अडलीय तितं, आन तू मेंढरं काय आनतेस?"

पोरं खिदळली.

"औंदा सुईन नाय येत, बारके."

"नाय येत म्हंजे? कुटं गेली?"

"बंद झालं ते."

"दर वर्साला येती ती! आन मंग पोरगीनं काय करायचं? येकटीनं?"

आता कोणी हसलं नाही. हौसाबाई गव्हाणीतला पेंढा सारखा करत राहिल्या. मी त्यांना कधीच मान खाली घालून बसलेलं पाहिलं नव्हतं. पाळकांनी दाविदकडे वाकून विचारलं, "काय झालं? काही चुकलं का?"

दाविदच्या मांडीवर त्याची थोरली बसली होती. ती याच घरात झालेली, हौसाबाईंच्याच हातावर. त्याने तिला बाजूला बसवलं आणि उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, घामेजलेला चेहरा.

"चुकलं नाही," तो म्हणाला. "माझ्या आईच्या ओवीत एक सुईण आहे, पाळकसाहेब. शास्त्रात नाही. आमच्या गोठ्यात आहे. आज मीच आईला ती गाळायला सांगितली."

आणि त्याने गायला सुरुवात केली. तिसरी माझी ओवी. सूर कुठेच लागत नव्हता. "रेडा बरा," सुवार्ता पुटपुटली आणि पदराने डोळे पुसले. दाविद पूर्ण ओळ गाऊन थांबला. मग ती ओळ हौसाबाईंनीच झेलली, मान वर करून. त्यांच्या मागे बारकी, त्यांच्या मागे सारं अंगण. पाळकही टाळी धरू लागले, जरा उशिराच.

दाविदला चेव आला. त्याने चौथी ओवी धरली, "चवथी माझी ओवी..." आणि तिथेच अडला. पुढचे शब्द आठवेनात. त्याने पुन्हा धरली, पुन्हा अडला. बहिणी हसू दाबत होत्या.

हौसाबाई उठल्या. पदर खोचला. दाविदला कोपराने मागे सारलं.

"आता सरक. बाळ काय तू काडनार?"

अंगण हसून फुटलं. ते हसणं विरायच्या आत त्यांनी आवाज लावला. इतका खणखणीत की रस्त्याने जाणारी माणसं कुंपणाशी थांबली.

*चवथी माझी ओवी, राजा आला हातावरी*
*सुईन म्हने मरीये, सोनं ठेवते पदरी*