सतरावी पायरी

"सांगतो. पण आधी जरा दम खाऊ द्या."

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांची प्रत्येक गोष्ट या वाक्यानं सुरू व्हायची. मग ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवत, कपाळ पुसत आणि इतका वेळ गप्प बसत की पोरांना वाटे, मामांना डुलकी लागली. त्यांना खरंच दम लागलेला असे. झाडलोट, पाणी भरणं, घंटा, तालुक्याहून कागद आणणं आणि शिक्षक रजेवर असले तर वर्ग सांभाळणं, सगळं त्या एका माणसावर होतं. तुमच्याही शाळेत असे एक मामा असतील. नाव चटकन आठवणार नाही, पण चालण्याची ढब आठवेल.

बेंबळीच्या पुढच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अकरा वर्षं होते. धाराशिवहून एसटीनं जायचं, संध्याकाळी एसटीनं परतायचं. पहिल्या वर्षी मला त्या गावात उजाड माळाशिवाय काही दिसलं नाही. मामांनी एकेक रान ओळखीचं करून दिलं. या रानाला घोडकी का म्हणतात, त्या लिंबाखाली निजामाच्या वेळचा चपराशी कुणाला घाबरून चढून बसला होता, म्हसोबाचं तोंड गावाकडं का नाही. प्रत्येक गोष्टीला ते साक्षीदार जोडत. "हे मला चुलत्यानं सांगितलं. त्याला त्याच्या सासऱ्यानं. सासरा ईटकूरचा." हे झाल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नसे.

एकदा नळदुर्गला सहल नेली होती. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळत होतं. पोरं मामांना चिकटली, "मामा, हितली गोष्ट सांगा."

"हितलं मला कुणी सांगितलं न्हाय," मामा म्हणाले. "ज्याला ठाव हाय त्याला इचारा. मी नुसता भिजतो."

शाळेच्या मागं जुनी बारव होती, दगडी पायऱ्यांची विहीर. तिची गोष्ट मात्र ते दरवर्षी जूनमध्ये पहिलीच्या पोरांना न विचारता सांगत. बारव बांधणारा पाथरवट सतरावी पायरी बसवायला खाली उतरला आणि त्याच वेळी झरा फुटला. पाणी भसकन वर आलं, पाथरवट खालीच राहिला. पायरी बसवायची राहिली. अजून तो माप शोधतोय. सतराव्या पायरीच्या जागी कुणी पाय ठेवला, की तो पाय धरतो आणि मापाला ठेवून घेतो.

पोरं आपापले पाय पोटाशी ओढून घेत.

एकदा मी सहज विचारलं, "मामा, ही तुम्हाला कुणी सांगितली?"

"घंटा द्यायची झाली, बाई," म्हणत ते उठले. घंटेला अजून वीस मिनिटं होती.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. बोअर आटले. टँकर आला की बाया घागरी घेऊन पळत. माझ्या वर्गातल्या मुली पहिल्या तासाला नसतच, त्या रांगेत असत. ग्रामसभेत विषय निघाला, की बारवेतला गाळ काढला तर जुने झरे मोकळे होतील. सगळ्यांना पटलं, पण उतरायला कुणी तयार होईना. पाणी गेलं होतं, पायऱ्या चौदापर्यंत उघड्या पडल्या होत्या आणि त्याखाली सगळा वाळलेला गाळ होता. तरुण मंडळातला एकजण म्हणाला, "सोळापत्तोर काढतो. म्होरचं ज्यानं त्यानं बघावं."

मामा मागं उभे होते. ते पुढं आले. टोपी काढली.

"ती गोष्ट खरी न्हाय. म्या रचलीया. पोरांनी बारवंत उतरू नये म्हणून."

पुढं बसलेले एक म्हातारबाबा काठी आपटून म्हणाले, "तू कवाधरनं रचाय लागलास? माझ्या आज्यानं सांगितलीया मला. त्यानं पाथरवट डोळ्यानं बघितला हुता."

"काका, तुमचा आजा गेला तवा माझा जल्म बी न्हवता."

"मग? त्येच तर म्हणतोय मी."

सभा हसली. मामा हसले नाहीत. विषय पुढच्या वेळेवर गेला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते व्हरांड्यात माझ्यापाशी येऊन बसले. या वेळी 'दम खाऊ द्या' म्हणाले नाहीत.

"मी नोकरीला लागलो त्या वर्सी, बाई. तिसरीतली पोरगी. डबा धुवाय बारवंत उतरली. म्या घंटा दिली, सगळी पोरं आली, ती आली न्हाय. म्याच काढली वर." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हेडमास्तरांनी पोरांना समजावलं, मारलं. आठ दिसांनी पुन्हा दोघंजण तिथंच. मग म्या पाथरवट आणला. एका दुपारी रचला. तवापासनं एक पोर बुडालं न्हाय."

मी हातातली वही मिटली.

"आता गोष्ट मोडली तर पोरं उतरत्याल. न्हाय मोडली तर पोरी अशाच घागरी वाहत्याल. तुमी शिकलेल्या हाव. सांगा, काय करू?"

मी समोरच्या वह्या तपासत बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी मामा एकटेच टिकाव, खोरं आणि पाटी घेऊन बारवेत उतरले. वय साठीला टेकलेलं. खणायचं, पाटी भरायची, खांद्यावर घेऊन वर यायचं, ओतायचं आणि पुन्हा उतरायचं. रोज शाळा सुटल्यावर ते अंधार पडेपर्यंत तेच करत. चौथ्या दिवशी सतरावी पायरी लागली. त्यांनी ती हातानं साफ केली, चपला काढल्या, तिच्यावर बसले आणि भाकरी सोडली. वर काठावर पंधरा-वीस माणसं जमली होती. मामा खाली बसून शांतपणे कांदा-भाकरी खात होते आणि वरचे सगळे पाथरवटाचा हात कधी वर येतो ते बघत होते.

पहिल्यांदा त्यांची बायको उतरली. "एकट्यानंच मरायचं हाय का?" म्हणत तिनं पाटी उचलली. मग टँकरच्या रांगेतल्या बाया पदर खोचून आल्या. बाया उतरल्यावर तरुण मंडळाला काठावर उभं राहणं जड झालं.

तीन आठवडे काम चाललं. पायऱ्या सव्वीस निघाल्या. एकही कमी नव्हती. तळाच्या कोपऱ्यात आधी ओल आली, मग बोटभर, मग घोटाभर पाणी. त्या संध्याकाळी तिथं नारळ फुटला, तो पाथरवटाच्या नावानं. गावानं गोष्ट सोडली नाही, पुरी केली. मामांनी सतराव्या पायरीवर पाय ठेवून माप दिलं, पाथरवटानं राहिलेली पायरी बसवली आणि तो सुटला. म्हातारबाबा तर सांगत, की हे असंच होणार, हेही त्यांच्या आज्यानं सांगून ठेवलं होतं.

"मामा, ऐकलंत का?" मी विचारलं.

"ऐकलं. बरी केली. माझ्यापरीस बरी केली." ते भिंतीला टेकून बसले होते. तळहातांची सालटं निघाली होती.

पावसाळ्यात बारव भरली. पाथरवट सुटला होता, म्हणजे आता भीती कुणाची? पोरं धडाधड उड्या मारू लागली. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी बारवेच्या काठावर येऊन बसू लागले. बारवेला लोखंडी दार बसवा म्हणून त्यांनी पंचायतीत अर्ज दिला, पुन्हा दिला. दार आलं नाही. तीन उन्हाळे ते बसले. कुणाला पोहता येतं, कुणाला नाही, हे त्यांना पाठ होतं. न येणाऱ्याला ते तिसऱ्या पायरीच्या खाली जाऊ देत नसत.

मी एकदा म्हणाले, "मामा, दुसरी एखादी गोष्ट रचा की. एवढं ऊन सोसायचं कशाला?"

"न्हाय, बाई. गोष्ट रचली की ती संभाळावी लागती. आता तेवढी ताकद न्हाय. नुसतं बसणं जमतंय."

चौथ्या उन्हाळ्याच्या तोंडाला ते गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. गाव त्यांच्या अंगणात जमलं. दुपारी त्यांना रानात अग्नी देऊन सगळे परतले, आंघोळीला पांगले. शाळेला सुट्टी दिलेली होती. मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होते आणि एकदम मनात आलं, पोरांनाही सुट्टी आहे.

मी तशीच मागं फिरले. बारवेत पाचवीतल्या दोन मुली पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मी काठावर, भिंतीच्या सावलीला बसले. गाडी फाट्यावरून निघून गेल्याचा आवाज आला.

"बाई, तुमी घरी न्हाय गेला?" एकीनं विचारलं.

"नाही. आज बसते इथं."

"लई येळ?"

"तुम्ही घरी जाईपर्यंत."

त्यांनी एकमेकींकडं बघितलं. सावली एका माणसापुरतीच होती. त्या ओल्या पायांनी वर आल्या आणि माझ्याशेजारी उन्हातच बसल्या.