विटांच्या चर्चमधला बुधवार

रॉस्को टिलमन गावात पोहोचला तेव्हा हार्पर्स बेंडच्या दुकानात पाण्याची एकही बाटली उरली नव्हती. मेणबत्त्या संपल्या होत्या, शाळा बंद झाली होती, आणि कापसाची वेचणी अर्धवट टाकून माणसं नातेवाइकांकडे निघाली होती. हॅस्केल नावाच्या एका माणसानं रेडिओवर सांगितलं होतं की बुधवारी मिसिसिपीच्या काठची जमीन फाटणार. हा हॅस्केल पूर्वी विहिरी खणायचा. आता नदीच्या पाण्यावरून भूकंपाचं भाकीत करायचा, आणि ती भाकितं छापून विकायचाही.

रॉस्को याच गावचा. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्यानं कापूस पिकवायचे. कोरियाच्या लढाईवरून परतल्यावर त्याला सरकारी भूकंप कार्यालयात नोकरी लागली ती यंत्रावरचे कागद बदलायची. कागदावरची सुई रात्रंदिवस थरथरत असायची, आणि ती काय सांगते हे त्याला जाणून घ्यायचं होतं. दिवसा नोकरी, संध्याकाळी कॉलेज, अशी कित्येक वर्षं गेली. त्यानं शिकवून तयार केलेली गोरी पोरं एकामागून एक त्याच्यावर साहेब होऊन बसली. कुणी पत्रकार आला तर त्यालाच विचारायचा, ‘इथला शास्त्रज्ञ कुठे भेटेल?’ तो म्हणायचा, ‘बसा, बोलतोय तुमच्याशी.’ शेवटी कार्यालयाचा प्रमुख म्हणून त्याचं नाव लागलं. त्या जागेवर बसलेला तो पहिला काळा माणूस. जगात कुठंही धरणी हलली की टीव्हीवर त्याचा चेहरा दिसायचा, आणि हार्पर्स बेंडमधल्या बायका त्याच्या आईच्या, अर्लीनबाईंच्या, घरी जमून तो बघायच्या.

त्याच टीव्हीवर त्यानं सांगितलं होतं की भूकंपाची तारीख कुणालाच सांगता येत नाही, हॅस्केललाही नाही. गावानं ते ऐकलं आणि तरीही सामान बांधलं. जुन्या लोकांना मोठा पूर आठवत होता. नदीचा बांध टिकेल असं तेव्हाही सरकारी माणसांनीच सांगितलं होतं, आणि तो फुटला होता. म्हणून रॉस्को रजा टाकून आला. बुधवारी आईजवळ बसायचं, म्हणजे आपल्याला भीती नाही हे लोकांना दिसेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पण अर्लीनबाई घरात थांबायला तयार नव्हत्या. सगळी मंडळी चर्चमध्ये जमणार होती. दुपारपर्यंत प्रार्थना, मग तळलेले मासे आणि रताळ्याचं सारण भरून भाजलेला गोड ‘पाय’.

चर्च विटांचं होतं. वडिलांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कापसाच्या हंगामानंतर, जुन्या गिरणीच्या विटा वाहून आणून ते बांधलं होतं. भिंतीत लोखंडाची एकही सळई नव्हती. खरोखरच जमीन हलली, तर गावात सगळ्यात आधी तेच कोसळलं असतं.

बुधवारी सकाळी चर्चच्या दाराशी त्यानं पाद्री पर्विस यांना बाजूला घेऊन हे सांगितलं. पर्विस त्याच्याच वयाचे, लहानपणी नदीत बरोबर पोहलेले.

“भाऊ, मला नीट कळू दे,” ते म्हणाले. “भूकंप येणार नाही असं तूच टीव्हीवर म्हणालास. आणि आता म्हणतोस लोकांना बाहेर काढा?”

“येणार नाही असं म्हणालो नाही. आज येईल असं कुणी सांगू शकत नाही, असं म्हणालो.”

“आत बसलेल्या म्हाताऱ्यांना हा फरक समजावशील? ही एकच जागा आहे जिथं त्यांना भीती वाटत नाही.”

आणखी बोललो तर लोकांना हॅस्केलचंच खरं वाटेल, असं रॉस्कोच्या मनात आलं. तो आत जाऊन आईशेजारी बाकावर बसला, पण त्याची नजर छपराखालच्या त्रिकोणी भिंतीवरून हलेना.

प्रार्थना रंगात आली होती तेव्हा खिडक्यांची तावदानं वाजू लागली. पायाखालची फरशी थरथरली. रॉस्कोनं क्षणात ओळखलं, ही चर्चमागच्या रुळावरची मालगाडी. लांब, एकसुरी थरथर. भूकंप असा येत नाही. तो उभा राहून ओरडला, “गाडी आहे, खाली बसा,” पण तोवर सगळं चर्च दरवाज्याकडे धावलं होतं. बाक उलटले. कुणाचा तरी धक्का लागून अर्लीनबाई पडल्या आणि त्यांच्या हातावरून माणसं गेली.

गाडी निघून गेली. तावदानं गप्प झाली. दारात कुणीतरी हुंदके देत होतं. रॉस्को आईचं मनगट हातात धरून जमिनीवर बसला होता. हाड मोडलेलं त्याच्या बोटांना जाणवत होतं. मान वर करून तो पर्विसना म्हणाला, “आता मी विचारत नाही, सांगतोय. सगळ्यांना शेतात न्या.”

यावेळी पर्विस वाद न घालता पुढे झाले.

वेचलेल्या कापसाच्या शेतात चादरी अंथरून माणसं दिवसभर बसली. हात झोळीत बांधून घेऊन अर्लीनबाई दवाखान्यातून तिथंच परतल्या. लेकाला म्हणाल्या, “तुझ्या बापाच्या भिंतीवर तुझा विश्वास नाही. हे तू कालच का नाही सांगितलंस?”

“तू दुखावली असतीस, आई.”

“मग आता काय झालंय?”



भूकंप आला नाही. हॅस्केलनं दुसऱ्या दिवशी हिशेबात चूक झाल्याचं रेडिओवर सांगितलं आणि नवी तारीख दिली. गावात हसणारे हॅस्केलला हसले तसे रॉस्कोलाही हसले. मालगाडीला भिऊन गावाला शेतात बसवणारा शास्त्रज्ञ म्हणून.

पण निघायच्या दिवशी पर्विस अंगणात येऊन उभे राहिले. भिंतीला सळया घालता येतील का, असं त्यांनी विचारलं. रॉस्कोनं मुक्काम वाढवला. दोघं शिडी लावून भिंतीवर चढले, तेव्हा अर्लीनबाई खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि कुठली वीट कुणी लावली ते एकेक करून सांगत होत्या.